न दचकणारं पिल्लू

घरासाठी कुत्रं निवडायचं तर माणसं त्याचे डोळे बघतात, शेपटी बघतात, पोराबाळांच्या अंगावर तर येत नाही ना ते बघतात. पत्रेमावशींना मात्र असं कुत्रं निवडायचं होतं, जे पुढच्या सीटखाली पिशवीत बसून मुकाट्याने समुद्र ओलांडेल. मावशी स्वतः जन्मात विमानात बसलेल्या नव्हत्या. विमान पाहिलेलं ते गच्चीवर कपडे वाळत घालताना, मान वर करून. तरी हे काम त्यांच्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर त्यांनीच ते मागून घेतलं.

त्याचं असं झालं. मावशींचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. त्याची कंपनी बंद पडली आणि तो घरी बसला. म्हणजे कुठे काम निघालं तर करायचा, संपलं की पुन्हा घरी. घरी बसलेल्या पुरुषाचं तोंड कसं होतं ते मावशींना ठाऊक होतं. त्यांचा नवराही एके काळी तसा बसला होता आणि उठला तो कायमचाच गेला. मग दूरच्या देशातून मुलाला बोलावणं आलं. उंचच उंच इमारती, पक्की नोकरी, राहायला जागा, बायको-मुलीला घेऊन या म्हणाले. सुनेच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. अडून बसली ती ठकू.

ठकू म्हणजे मावशींची नात. तिचं खरं नाव शाळेपुरतं. शाळा सुटली की ती दप्तरासकट आजीच्या घरी यायची, आणि दिवेलागणीला बाप येऊन तिला पलीकडच्या वस्तीतल्या त्यांच्या भाड्याच्या घरी न्यायचा. "आजी नाही तर मी पण नाही," एवढं एकच तिचं पालुपद. आजीला नेणं शक्य नव्हतं, कंपनीचं बोलावणं तिघांपुरतं होतं. समजावून झालं, रागावून झालं, सुनेचं रडून झालं. शेवटी पोरीनेच तोड काढली.

"मग मला कुत्रं हवं. इथूनच न्यायचं. विमानात माझ्या पायाशी. खाली सामानात टाकायचं नाही."

सुनेने कपाळाला हात लावला. मुलगा म्हणाला, "बघू."

"बघू काय?" मावशी म्हणाल्या. "मी निवडते. वाढवते पण मीच. तुमचा घरमालक दारात उभं करणार नाही कुत्र्याला. निघायच्या वेळी तयार करून हातात देते."

त्या दिवशी निघताना मुलगा जिन्यात थांबला आणि म्हणाला, "आई, तू धडधाकट आहेस म्हणून मी निघतोय. तुला काही कमी-जास्त असतं ना, तर इथे हमाली केली असती, पण गेलो नसतो." हे तो मान वर करून म्हणाला, म्हणून मावशींना कळलं. बूट घालता घालता खाली बघून म्हणाला असता, तर कळलं नसतं. कारण मावशींना ऐकू येत नव्हतं.

कमी ऐकू येत होतं असं नाही. येतच नव्हतं. आणि ही गोष्ट त्यांनी पोटच्या मुलालाही कळू दिली नव्हती.

मावशींचा सगळा जन्म पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात गेला. त्या प्रेसवर झाकणं काढायच्या. पत्रा सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, वरून ठोका पडायचा, झाकण बाहेर. दिवसभर असे ठोके, आणि तशी ओळीने मशीनं. तिथे बोलून कुणालाच काही ऐकू जायचं नाही, म्हणून बाया एकमेकींच्या ओठांवरून बोलणं उचलायच्या. हाक मारायची तर खालच्या लोखंडी पत्र्यावर पाय आपटायचा. पलीकडच्या बाईला तळपायातून कळायचं. एक कान प्रेसवर असतानाच गेला. दुसरा नोकरी सुटल्यावर, हळूहळू, कुणाला न विचारता निघून गेला. मावशींचं मात्र काही अडलं नाही. ओठ वाचायची विद्या अंगात मुरलेली होती.

बाकीचं त्यांनी चतुराईने भागवलं. कुणी आलं की स्वतःच बोलत सुटायचं, म्हणजे समोरच्याला बोलायला फट मिळत नाही. चार माणसं हसली की आपणही हसायचं, फक्त जरा आधी थांबायचं. खुर्ची अशी ठेवायची की दाराखालच्या फटीत कुणाचे पाय दिसले तर लगेच दिसावेत. फोनला कायम काहीतरी झालेलं असायचं. कधी चार्जिंग नाही, कधी रेंज नाही. ठकू असली की तीच उचलायची. सून म्हणायची, "आई फार बोलतात." तिला तरी काय माहीत, त्या गप्प बसल्या तर पकडल्या जातील म्हणून!

ठकूला माहीत होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती बोलायला लागल्यापासून आजीच्या समोर येऊन, हनुवटी वर करून बोलायची, जणू सगळ्या आज्यांशी असंच बोलतात. तिने ते कधी कुणाजवळ काढलं नाही आणि आजीने कधी तिला सांगू नको म्हटलं नाही.

तर कुत्रं. सुनेला चपट्या नाकाचं, बटबटीत डोळ्यांचं हवं होतं. तिच्या मैत्रिणीकडे तसं होतं आणि फोटोत फार गोड दिसायचं. पण चपट्या नाकाच्या कुत्र्यांना वर श्वासाचा त्रास होतो, आम्ही नेत नाही, असं विमान कंपनीने साफ सांगितलं. मग मुलाने नियम समजावून घेतले. पिशवी सीटखाली गेली पाहिजे, आत कुत्र्याला उभं राहता आलं पाहिजे, स्वतःभोवती फिरता आलं पाहिजे, आणि पिशवीसकट वजन ठरल्यापेक्षा जास्त होता कामा नये. एवढ्या अटी तर सुनेच्या माहेरच्यांनी जावई शोधताना घातल्या नव्हत्या.

कुणीतरी पिल्लंवाल्या बाईंचा पत्ता दिला. त्या एका इमारतीच्या तळमजल्यावर राहायच्या, लहान जातीची कुत्री पाळायच्या. खोलीभर जुने टॉवेल अंथरलेले, वास येऊ नये म्हणून खिडक्या सताड उघड्या. सगळी मंडळी सुट्टीच्या दिवशी तिथे गेली. सुनेने जाळीच्या खिडक्यांची पिशवी आधीच आणली होती. पिल्लं हातात घेऊन जो तो हरखून गेला, पण मावशी म्हणाल्या, "पिल्लं काय बघताय? पिल्लं सगळीच लहान असतात. आईला बोलवा." पिल्लांची आई आली, आखूड पायांची, अंगाने मांजराएवढी. मावशींनी तिला उचलून सरळ पिशवीत उभं केलं. ती आत गर्रकन फिरली आणि बाहेर तोंड काढून बसली.

"आई मावली. आता कुठलंही पोर घ्या," मावशी म्हणाल्या. पिल्लंवाल्या बाई हसल्या. मुलगाही हसला. बऱ्याच दिवसांनी हसला तो.

सुनेला एक तपकिरी पिल्लू आवडलं होतं, तिच्या बोटाला चाटून चाटून त्याने मामला जवळजवळ पक्का केला होता. पण मावशींनी आपल्या थैलीतून एक गोष्ट काढली. डब्याचं झाकण. कारखान्यातलं, त्यांनीच काढलेलं, घरी पिठाच्या डब्यावर बसणारं.

हे झाकण कशाला, ते सांगायला पाहिजे. कारखान्यात नवीन बाई कामावर आली की मुकादम तिला प्रेसच्या खोलीत मध्ये उभी करायचा आणि काहीतरी विचारायचा. ती उत्तर देत असताना तिच्या पाठीमागे दुसरा माणूस पत्र्याची मोठी शीट खाली टाकायचा. जी दचकली ती पॅकिंगला. जी उभी राहिली ती प्रेसवर, कारण प्रेसवर दचकणाऱ्या बाईची बोटं राहत नाहीत. पत्रेमावशी तेव्हा अगदी कोवळ्या वयाच्या होत्या, लग्नही झालेलं नव्हतं. मागे शीट पडली आणि त्या उभ्या राहिल्या. मुकादम म्हणाला, "ही पत्र्याची आहे." तेव्हापासून त्या पत्रे. ही गोष्ट मावशींनी घरात इतक्या वेळा सांगितली होती, की ठकू मुकादमाचा आवाज काढून ती म्हणून दाखवायची.

मावशी पिल्लांच्या पाठीमागे गेल्या आणि त्यांनी झाकण फरशीवर सोडलं. पिल्लं सैरावैरा पळाली. एक कपाटाखाली शिरलं. सुनेच्या तपकिरी लाडक्याने तर तिथेच ओलं केलं. एक पांढरं पिल्लू मात्र टॉवेलचं टोक चावत बसलं होतं, ते चावतच राहिलं. शेपटीसुद्धा हलली नाही.

"हेच," मावशी म्हणाल्या.

"ते जरा आपल्याच तंद्रीत असतं," पिल्लंवाल्या बाई म्हणाल्या.

"असू दे तंद्रीत. विमान केवढं गरजत असेल! तुमचं ते तपकिरी तिथे जीव टाकेल. हे बसेल."

ठकूने पिल्लू उचललं. त्याचा एक डोळा काळा होता आणि एक निळसर. तिने तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं, झाकण.

झाकण मावशींकडे राहायला आलं आणि घराला घरपण आलं. मावशींनी जाळीची पिशवी कोपऱ्यात उघडी टाकून ठेवली, आत आपल्या जुन्या शालीचा तुकडा अंथरला आणि झाकणाचं जेवण पिशवीच्या तोंडाशी वाढायला लागल्या. मग जरा आत. मग अगदी आत. थोड्याच दिवसांत ते आपण होऊन पिशवीत जाऊन झोपायला लागलं. मग चेन लावायची, मग पिशवी उचलून घरभर फिरवायची. ठकू खुर्चीत बसायची, पुढे दुसरी खुर्ची, खाली पिशवी. ती हवाई सुंदरी व्हायची आणि आजी प्रवासी. आजी पट्टा बांधल्याचं नाटक करायच्या, आणि मनात म्हणायच्या, हे आपलं विमान इथेच फिरत राहिलं तर काय बिघडेल? पण तो विचार त्या पुरा होऊ द्यायच्या नाहीत. मुलाचं हसणं आठवायच्या.

मावशींच्या घराला फळ्यांची जमीन होती. त्या जुन्या सवयीने पाय आपटायच्या आणि झाकण कुठूनही धावत यायचं. नावाने हाक मारली तर मात्र ढिम्म. सून म्हणायची, "हट्टी आहे. आईंच्या पायाला बरं येतं, आपल्या तोंडाला येत नाही." मावशींना त्याचा अभिमानच वाटायचा. दाराची बेल वाजली तर ते भुंकायचं नाही. पण बेल वाजते हेच मावशींना कळत नसे, तर कुत्रं भुंकलं नाही हे कुठून कळणार? दोघंही दाराच्या फटीकडे तोंड करून बसायची आणि पाय दिसले की दोघंही उठायची. दुसऱ्या कुठल्याही घरात चार दिवसांत उजेडात आलं असतं. या घरात आलं नाही.

निघायचं जवळ आलं तेव्हा प्रवासाच्या दाखल्यासाठी झाकणाला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. सगळेच गेले. सून बाहेर काउंटरवर पैसे भरायला थांबली. आतली खोली अरुंद होती. भिंतीला लागून स्टीलचं टेबल, वर खिडकी. मावशी टेबलापाशी, खिडकीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी झाकणाला धरून उभ्या राहिल्या. मुलगा आणि ठकू मागे दाराशी.

डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता.

 मास्क म्हणजे त्यांच्यासाठी भिंत. डॉक्टर काहीतरी विचारत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यांवरून कळत होतं की प्रश्न आहे. मावशींनी नेहमीची युक्ती केली, आपणच बोलत सुटल्या. "फार गुणी आहे हो. पिशवीत आपणहून बसतं. खाण्याची तक्रार नाही." ठकू मागून पुढे आली, आजीच्या कोपराला लागून उभी राहिली आणि डॉक्टरांच्या प्रश्नांना तीच उत्तरं द्यायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली, दात बघितले, मग निळ्या डोळ्यापाशी जरा जास्तच वेळ थांबले. ठकूला खांद्याला धरून हळूच मागे सरकवलं. आणि मावशींच्या पाठीमागून चालत पलीकडे गेले.

मावशी खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर एक माणूस सायकलची चेन बसवत होता. तेवढ्यात त्यांच्या तळपायांना काहीतरी लागलं. एक बारीक थरथर, जमिनीतून वर आलेली. त्यांना ती ओळखीची वाटली. प्रेसवरच्या जुन्या दिवसांची वाटली. झाकण त्यांच्या हातात स्वस्थ होतं. कान जागचा हलला नव्हता.

मग मावशी वळल्या. पण तोवर उशीर झाला होता.

जमिनीवर स्टीलचा ट्रे पालथा पडलेला, त्यातले चिमटे, कात्र्या चहूकडे. ठकूचे दोन्ही हात कानांवर. दारात सून धावत आलेली. डॉक्टर झाकणाकडे बघत होते, ते बरोबरच होतं, त्यांनी ट्रे त्याच्यासाठीच पाडला होता. मुलगा मात्र झाकणाकडे बघत नव्हता. तो आईकडे बघत होता.

मुकादमाच्या परीक्षेत मावशी जन्मात दुसऱ्यांदा पास झाल्या होत्या.

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. "पिल्लू ठार बहिरं आहे," ते म्हणाले. "जन्मापासून. पांढरा रंग, निळा डोळा, अशा पिल्लांत होतं असं कधी कधी."

"मग विमानात?" सुनेने विचारलं.

"विमानात उलट बरंच. बाकीची आवाजाने बिथरतात, हे झोपेल. पण मला नवल वाटतं, इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" आणि हे विचारताना ते मावशींकडे बघत होते.

मावशींनी ओठ वाचले.  जिभेवर सतत तयार असलेलं सगळं बोलणं त्या एका क्षणी आटलं.

"आमच्याकडे पाय आपटून हाक मारायची पद्धत आहे, डॉक्टर," मुलगा म्हणाला. "जुनी सवय आहे घरातली. त्यामुळे कळलं नाही." हे बोलताना तो मुद्दाम दोन पावलं पुढे आला होता, आईला त्याचं तोंड दिसेल असा.

"बहिरं?" सून म्हणाली. "मग हे कशाला न्यायचं एवढ्या लांब? अजून वेळ आहे. त्या बाई बदलून देतील."

ठकूने झाकणाला टेबलावरून ओढून छातीशी धरलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बहिरं आहे म्हणून सोडून जायचं का?"

 डॉक्टर वाकून चिमटे गोळा करायला लागले. मुलगाही वाकला, आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ खालीच बघत राहिला.

घरी आल्यावर मावशी वाट बघत राहिल्या. आता तो म्हणेल. आज म्हणेल, उद्या म्हणेल: "आई, मी जात नाही." त्यांनी उत्तरं जुळवून ठेवली होती. अरे, तेवढं तर म्हातारपणी सगळ्यांचंच होतं. अरे, ओठ वाचते मी, तुझ्यापेक्षा जास्त कळतं मला. जा म्हणते तर जा. माझ्यामुळे पुन्हा घरी बसलास तर मी मेल्यावरसुद्धा स्वतःला माफ करणार नाही. भांडायची सगळी तयारी होती, आणि भांडणात आपणच जिंकणार याची खात्रीही होती.

मुलगा काही म्हणाला नाही.

तो बदलला मात्र. आता तो कधी पाठीमागून बोलत नसे. समोर यायचा, उकिडवा बसायचा, एकेक शब्द स्वच्छ करून उच्चारायचा. एक दिवस वायरमनला घेऊन आला आणि बेलला जोडून भिंतीवर एक दिवा बसवून घेतला. बेल वाजली की दिवा लागायचा. "आजकाल सगळीकडे असाच बसवतात," तो म्हणाला. मावशींना मोठ्या अक्षरांचा नवा फोन आणून दिला. "तिकडून बोलायचं जमेल न जमेल. आपण आपले लिहूनच कळवत जाऊ." खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंना रोज एकदा डोकावून जायला सांगितलं. सगळं अगदी नीट केलं त्याने. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

मावशींना कळत होतं. आपण लपवलं ते त्याने जावं म्हणून. त्याला समजलं, आणि त्यानेही लपवलं, जाता यावं म्हणून. हवं होतं तेच तर झालं! मग समाधान का वाटत नाही? मावशींना मुलाचा राग आला. खराखुरा राग आला. मग स्वतःचा आला. त्याने थांबतो म्हणावं आणि आपण जा म्हणावं, एवढीच तर आपली इच्छा होती. तेवढं मोठेपण आपल्याला मिरवायचं होतं. त्याने ते देऊ केलं नाही. कदाचित त्याला भीती वाटली असेल, की आपण थांबतो म्हणालो आणि आई एखाद वेळी हो म्हणाली तर?

आणि ती हो म्हणाली असती का? हे मावशींना स्वतःलाही धड सांगता येईना.

पूर्वी न दचकण्याचा त्यांना केवढा गर्व होता. आता बसल्या बसल्या त्यांना तो पहिला दिवस आठवला. शीट पडली तेव्हा त्या आतून अशा हादरल्या होत्या की दात एकमेकांवर आपटले होते. फक्त नोकरी हवी होती म्हणून पाय घट्ट रोवून उभ्या राहिल्या. झाकणाला यातलं काहीच नव्हतं. त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं, आणि आपण त्याला शूर ठरवून बसलो.

एका संध्याकाळी मुलगा स्टुलावर चढून त्या बेलच्या दिव्याची वायर पुन्हा बसवत होता. मावशींना एकदम राहवेना. "अरे," त्या म्हणाल्या.

तो वळला. पेचकस हातात तसाच. स्टुलावरूनच, शाळेत चोरी पकडली गेल्यावर बघायचा तसा बघत राहिला. त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झालेले त्यांना पहिल्यांदाच दिसले.

"चहा टाकू का?" मावशी म्हणाल्या.

त्याचा जीव भांड्यात पडलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. "टाक," तो म्हणाला.

ठकू तेवढी कामाला लागली होती. नव्या घराची जमीन सिमेंटची असणार, तिथे पाय आपटून झाकणाला काही कळणार नाही, म्हणून ती त्याला हाताच्या खुणा शिकवत होती. ये, बस, पिशवीत जा. प्रत्येक खूण ती आधी आजीवर करून बघायची. आजीला समजली की मग झाकणाची पाळी.

विमानतळाच्या दारापर्यंतच सोडायला येणाऱ्यांना परवानगी होती. पुढे सरकती काच, काचेपलीकडे प्रवाशांच्या रांगा. माणसांची, गाड्यांची, सामानाची ही झुंबड. मावशींना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं आणि झाकणालाही. ते पिशवीत शालीच्या तुकड्यावर गाढ झोपलं होतं. पहारेकऱ्याने वाकून जाळीतून पाहिलं आणि हसून मान डोलावली. एवढं गुणी कुत्रं त्याने पाहिलं नसावं. निवड चुकली नव्हती म्हणायची.

सून पाया पडली. खरंच रडली. चांगली आहे बिचारी, मावशींना वाटलं. ठकू आजीला बिलगली, मग समोर उभी राहिली, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "रोज लिहीन." मावशींनी तिचे केस उगाचच नीट केले.

मग मुलगा पुढे आला. त्याने आईला मिठीत घेतलं, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून तो बोलायला लागला.

इतके दिवस तो एक अक्षरही समोर आल्याशिवाय बोलला नव्हता. आता तो तिच्या कानामागे तोंड ठेवून बोलत होता. मावशींना मानेवर त्याचा गरम श्वास लागत होता. त्याचा जबडा त्यांच्या खांद्यावर हलत होता. मध्येच थांबला, पुन्हा हलायला लागला. तो बराच वेळ बोलला. पाठीवर टेकलेले त्याचे हात घट्ट होत गेले.

पाऊलभर मागे सरल्या असत्या तर ओठ दिसले असते. मावशी सरल्या नाहीत. हे बोलणं आपल्याला ऐकू येणार नाही म्हणूनच तो बोलतोय, एवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "हो," त्या म्हणाल्या. "हो रे. जा आता. उशीर होईल."

तो बाजूला झाला, डोळे पुसले आणि मागे न बघता सामानाची गाडी ढकलत निघाला. सून त्याच्या मागोमाग.

ठकू जागची हलली नव्हती. ती पिशवी धरून शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.  नेहमीसारखी ती आजीच्या समोर आली, हनुवटी वर केली, आणि बापाचं बोलणं आजीला सांगायला तोंड उघडलं.

मावशींनी तिच्या ओठांवर हात ठेवला. ते कळलं असतं, तर त्याला माफ करावं लागलं असतं, नाहीतर थांबवावं लागलं असतं. दोन्ही त्यांच्याच्याने झालं नसतं.

"नको," त्या म्हणाल्या. "जा. ते झोपलंय, हळू ने."

ठकूने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी उचलली आणि ती आत गेली. काच सरकून बंद झाली.